कशावरूनबाई

आमच्या गाइड मॅडमना आम्ही संशोधक विद्यार्थी मागून 'कशावरूनबाई' म्हणतो. प्रबंधातल्या प्रत्येक ठाम वाक्यापुढे त्या लाल पेन्सिलीनं 'कशावरून?' लिहितात आणि प्रकरण परत करतात. माझं दुसरं प्रकरण चार वेळा परत आलं, तेही एका वाक्यापायी: 'घरात आजी असली की मुलं लवकर बोलू लागतात.'

"अहो मॅडम, हे तर शेंबडं पोरही सांगेल," मी वैतागून म्हणाले.

"मग त्यालाच लिहू दे प्रबंध."

माझं डोकंच फिरलं. मी पाच लेखांचे संदर्भ दिले होते, तरी यांचं आपलं चालूच, "त्या पाचांना कुणी सांगितलं?" म्हटलं, थांबा, आता तुमचं तोंड बंदच करते. आठवडाभर ग्रंथालयात जुन्या अंकांत डोकं खुपसून बसले. पाचही जणांनी एकमेकांची री ओढली होती आणि त्यातल्या पहिल्यानं हवाला दिला होता तीस वर्षांपूर्वीच्या एका प्रबंधाचा. तो प्रबंध मॅडमचाच निघाला! वाक्य तेच, आणि खाली ना आकडे, ना नोंदी.

तो मी त्यांच्या टेबलावर आपटला. म्हणजे, ठेवला, नेमकं पान उघडून.

मॅडमनी वाक्य दोनदा वाचलं. चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं. मला वाटलं, सुटले एकदाची.

त्यांनी लाल पेन्सिल उचलली, स्वतःच्या प्रबंधाच्या समासात 'कशावरून?' लिहिलं आणि माझं प्रकरण माझ्याकडे सरकवलं. पाचव्यांदा.