म्हशीच्या कार्डावरची तारीख

आमच्या घरात कॉलेज केलेली मी पहिली. कराडला रोज एसटीनं जाऊन-येऊन बी.एस्सी. झाले. हे मी सगळ्यांना सांगते, कुणी विचारलं नसलं तरी. पण आईला नेमकं काय होतंय, हे त्या पदवीनं मला कळत नव्हतं.

दोन वर्षं झाली, तिच्या अंगातून मधेच वाफ निघाल्यासारखं व्हायचं. छातीत धडधड, झोपेचा पत्ता नाही. गावातले डॉक्टर माझ्या वडिलांना, आबांना, विचारायचे, "काय होतंय हो यांना?" आबा फौजेतून निवृत्त झालेले, ताठ बसून सांगायचे, "काय न्हाई, पित्त हाय." आई पदर सावरत बसायची. शेवटी डॉक्टर म्हणाले, "या वयात व्हायचंच." गोळ्या पित्ताच्याच मिळाल्या.

मग कळलं, सांगलीच्या एका दवाखान्यात पाळी गेल्यानंतरच्या त्रासावर संशोधन सुरू झालंय आणि त्यांना शेतात राबणाऱ्या बायका हव्यात. वर्षभर तपासण्या, उपचार. मी आईला घेऊन गेले. आबा म्हशीसाठी घरी थांबले.

तिथल्या डॉक्टरबाई माझ्याच वयाच्या. मी तोंड उघडलं, तशा म्हणाल्या, "तुम्ही नाही. मावशी सांगतील."

आई पाऊण तास बोलली. वैरणीचा भारा डोक्यावर असताना धडधड वाढली की ती बांधावर टेकते आणि कुणी बघितलं तर दोरी सोडून पुन्हा बांधत बसते, हे मी तिथं पहिल्यांदा ऐकलं. मग तिनंच विचारलं, "आवं बाई, हे कशानं जाईल?"

"औषधं आहेत, मावशी. पण उन्हात कष्ट करणाऱ्या तुमच्यासारख्या बायकांना कशाचा किती उपयोग होतो, ते पुस्तकात फारसं नाही. त्यांना कुणी विचारलंच नाही."

"म्हंजी तुमालाबी ठावं न्हाई?"

"पुरतं नाही."

आई खूश झाली. "बरं झालं बाई. आजवर समद्यांनाच ठावं हुतं."

अडलं एका ठिकाणी. शेवटची पाळी कधी आली, निदान महिना तरी सांगायला हवा होता. त्याशिवाय तिला संशोधनात घेता येणार नव्हतं. आबांची भरतीपासूनची मेडिकल फाईल ट्रंकेत आहे. आईचा एक कागद नाही.

"म्हस दुसऱ्यांदा व्याली तवा," आई म्हणाली. "रेडकू वढून काढलं, त्याच दिवशी आली. त्यामागनं न्हाईच."

म्हशीचं कार्ड होतं! गोठ्यात खिळ्याला, इंजेक्शनं, वेताच्या तारखा, सगळं लिहिलेलं. मी आबांना फोन लावला.

"कुणाची तारीख? म्हशीची? दवाखाना माणसांचाच हाय न्हवं?"

"आबा, वाचा की!"

त्यांनी वाचली, वर कानातल्या बिल्ल्याचा नंबरही सांगितला. डॉक्टरबाईंनी हसू दाबत तारीख लिहून घेतली. आईचं नाव लागलं. आबांचा फोन अजून चालूच होता. ते म्हणाले, "तुझ्या आईचंबी एक कार्ड कर."

आता तिचं कार्ड स्वयंपाकघरात आहे. वाफ आली की ती पेन्सिलीनं रेघ मारते. या महिन्यात रेघा कमी आहेत, झोप मात्र अजून तुटते. दुसऱ्या खेपेला तिनं डॉक्टरबाईंना सुनावलं, "भारा उचलल्यावर काय हुतं, ते तुमच्या कागदात न्हाई." त्यांनी तो प्रश्न तिथंच हातानं लिहिला.

तिसऱ्या खेपेला तो प्रश्न त्यांच्या कागदात छापून आला होता. आईनं मला तीनदा वाचायला लावला.