उपरण्याखाली दाबलेला अंगठा

सन एकोणीसशे शहाण्णव. मी तेव्हा बावन्न वर्षांचा. ही गोष्ट मी आजपावेतो कुणाला सांगितली न्हाई — बायकोला न्हाई, पोरांना न्हाई, देवळात एकटा बसलो तेव्हा देवालाही न्हाई. तुम्हाला सांगतो. तुम्ही मला ओळखत न्हाई म्हणून सांगतो, असंच समजा. ओळखीच्या माणसापुढं जीभ उचलत न्हाई.

माझी शाळा दुसरीत सुटली. अक्षराला अक्षर लावून लिहितो, चुका असतील. पण बैल मात्र मला मिसरूड फुटायच्या आधीपासून कळतो. तोंड उघडून दात, अंगावरचे भवरे, खांदा, खुर — आणि सगळ्यात शेवटी चाल. आमच्या गोदाकाठच्या पंधरा-वीस गावांत कुणाला बैल घ्यायचा असला की आधी माझ्या दारात यायचे. "आबा, चला." मी पसंत केलेला बैल कधी औताला बसला न्हाई. ही बढाई न्हाई, खरं हाये. — बरं, थोडी बढाई हाये.

आता एक रिवाज सांगतो, त्याच्याबिगर पुढचं कळायचं न्हाई. बैलबाजारात सौदा तोंडानं होत न्हाई, उपरण्याखाली हात घालून बोटांनी होतो. आणि पारखी माणूस बैलवाल्यासमोर "घे" न्हाई तर "सोड" असं बोलत न्हाई. दुसऱ्याच्या जनावराची चारचौघांत बदनामी कशाला? मंग काय करायचं, तर उपरण्याखाली आपल्या माणसाचा हात धरायचा. तळहातावर थाप दिली, तर घे. अंगठा दाबला, तर सोड. का दाबला, कशापायी दाबला, हे घरी गेल्यावरही कुणी विचारत न्हाई. विचारलं तर पारख्याचा अपमान. मी ह्या रिवाजाच्या आडोशाला लपलो.

नामदेव म्हणजे माझा बांधकरी. त्याचं रान माझ्या रानाला लागून. माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. तीन एकर मोसंबी, खड्डे त्यानं स्वतःच्या हातानं खांदलेले. चार वर्षांमागं त्याचा डावा हात कडबा कापायच्या मशीनमध्ये गेल्ता. चार बोटं गेली, अंगठा तेवढा राहिला. तशा हातानं वखर दाबून धरायचा कसा, कासरा आवरायचा कसा? दरवेळी दुसऱ्याचा गडी, दुसऱ्याची जोडी, दुसऱ्याची सवड. झाडांखाली गवत माजलं की त्याची बायको शांता खुरपं घेऊन दिवस दिवस ओणवी. बाग ठेवायची, का बटईनं, म्हंजे अर्ध्या वाट्यानं कसायला देऊन गाव सोडायचं — गोष्ट इथपावेतो आल्ती.

अशात त्याला कळलं की वडीगोद्रीच्या एका रिटायर गुरुजींकडं बागेतला छोटा ट्रॅक्टर विकायचा हाये. बुटका, फांद्यांखालून निघून जाणारा. वापरलेला, पण चालू. गुरुजींची पोरं शहरात गेली, बाग काढून टाकली, ट्रॅक्टर नुसता उभा. नामदेव माझ्याकडं आला. "आबा, चला. तुम्ही बघितल्याबिगर मी हात लावणार न्हाई."

सांगा बरं, मी काय म्हणायला पाहिजे होतं? "नामा, मला त्यातलं काही कळत न्हाई. शहागडला रोडवर मिस्त्री हाये, त्याला घेऊन जा." एवढंच. मी म्हणालो, "चल, बघू." आणि धुतलेलं उपरणं खांद्यावर टाकलं.

पुढं कैक वर्षं मी मनाशी म्हणत आलो की गुरुजींनी तिथं माझा अपमान केला. इतक्या वेळा म्हणालो की त्यांचे शब्दसुद्धा मला ऐकू यायला लागले. खोटं हाये ते. गुरुजींनी मला खुर्ची दिली, आपण बाजेवर बसले. चहा आधी मला. ट्रॅक्टरच्या खोडी त्यांनी आपण होऊन सांगितल्या — सीट फाटलेली, एका टायरला जोड, थंडीत सुरू व्हायला कुरकुरतो. एवढा सरळ विकणारा मी बाजारात तीस वर्षांत पाहिला न्हाई.

मी ट्रॅक्टरभोवती दोन चकरा मारल्या. टायरवर काठी मारून बघितली. पत्र्यावर हात ठेवला, बैलाच्या पाठीवर ठेवतो तसा. पण बैलाची कातडी थरथरते, काहीतरी सांगते. पत्रा काय सांगणार?

गुरुजी म्हणाले, "आबा, चालवून बघा की."

मला कुठं येतंय? मी म्हणालो, "नामदेवलाच बघू द्या."

नामदेव चढला. डाव्या हाताचा अंगठा स्टेअरिंगला अडकवला, उजव्यानं गिअर टाकला. आधी दोन धक्के बसले, मंग निघाला. गुरुजींच्या मोकळ्या रानात एक चक्कर, दुसरी. तिसऱ्या चकरेला मागचे फण खाली सोडले तर माती पलटत गेली, काळी, ओलसर. चार वर्षांत त्या माणसानं स्वतःच्या हातानं नांगराचं एक तास मारलं नव्हतं. हसत होता — मोठ्यानं हसत होता. लांबूनच ओरडला, "आबा, ह्याचे दात बघायचेत का? झाकण उघडू?"

गुरुजी हसले. मीबी हसलो. साधी चेष्टा होती, आमच्यात चालते.

पण तिथं उभ्या उभ्या मला दोन गोष्टी कळाल्या. एक म्हणजे ट्रॅक्टर चांगला होता. माझ्यासारख्या अडाण्यालाही कळत होतं. इंजनाचा आवाज एका लयीत होता, आणि एका अंगठ्याचा माणूस तो चालवत होता — आणखी काय बघायचं असतं? आणि दुसरी गोष्ट, ह्या माणसाला आता माझी गरज उरली न्हाई. आज हा घेणार, उद्या ह्याचं बघून दुसरा घेणार. ज्याला दात न्हाई, भवरा न्हाई, खुर न्हाई, त्याला बघायला "आबा, चला" म्हणून कोण येणार?

नामदेव उतरून माझ्या शेजारी येऊन बसला. अजून धापा टाकत होता. त्यानं आपण होऊनच उजवा हात माझ्या उपरण्याखाली घातला.

मी अंगठा दाबला.

त्यानं माझ्याकडं पाहिलं. त्याला वाटलं असेल, चुकून दाबला. मी पुन्हा दाबला, जोरात. मंग त्यानं हात काढून घेतला आणि गुरुजींना म्हणाला, "विचार करून सांगतो." काळी-पिवळी जीपनं आम्ही परत आलो. का दाबला, हे त्यानं विचारलं न्हाई. कधीच न्हाई.

पाडव्याला त्यानं बाग चुलत्याला बटईनं दिली आणि शांताला घेऊन जालन्याला गेला, एका गोदामावर राखणीला. चुलत्यानं फळ नेलं, झाडं बघितली न्हाईत. आळी मोडली, गवत कमरेला लागलं. चार-पाच वर्षांत झाडं शेंड्याकडून वाळत आली. तोडली त्या दिवशी मी बांधावर उभा होतो. नामदेव आला न्हाई. ट्रॅक्टर घनसावंगीकडच्या एका माणसानं नेला. आठ वर्षांनी मी तो एका बागेत चालताना पाहिला. तीच फाटकी सीट, वर पोतं टाकलेलं, आणि आवाज तसाच, एका लयीत.

आणि नामदेव? त्याच्या पोराच्या लग्नात त्यानं नव्या सुनेला माझ्यापुढं आणलं. म्हणाला, "पाया पड. ह्या आबांनी मला वाचवलं, न्हाई तर भंगार गळ्यात पडलं असतं." ती वाकली. मी पाय मागं घेतले न्हाईत. तोंड भरून आशीर्वाद दिला.

इथं थांबलो तर तुम्ही म्हणाल, जाऊ द्या, म्हाताऱ्याची घमेंड, एका घडीची चूक. तसं न्हाई. एक घडी न्हाई. दुसरा दिवस अजून सांगायचा राहिलाय.

ट्रॅक्टर बघून आलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी फाट्यावर उभा होतो. काळी-पिवळी चालवणारा रफीकभाई वडीगोद्रीकडून आला, गाडी थांबवून मला हाक मारली.

"आबा, गुरुजींचा निरोप हाये. बोलले, नामदेवला सांगा, ट्रॅक्टर दहा दिवस घेऊन जा. तुझ्या बागेत चालव. बराबर वाटला तर बोलू, न्हाई वाटला तर आणून लाव. काल त्याला चालवताना बघून गुरुजी लई खूश झालते."

दहा दिवस. दहा दिवस नामदेव आपली बाग स्वतः नांगरणार, सगळं गाव बांधावर येऊन बघणार, आणि माझी पारख त्या सगळ्यांच्या पायाखाली. फाट्यावरून त्याची बाग दिसत होती. शांता झाडाखाली ओणवी होती. नामदेव दांडाला पाणी फिरवत होता. हाक मारली असती तर ऐकू गेली असती.

मी म्हणालो, "नामदेवचं मन फिरलं. गुरुजींना म्हणावं, दुसरं गिऱ्हाईक बघा."

"एकदा त्याला इचारून घ्या की, आबा. तो काय समोरच पाणी देऊन राह्यलाय. मी थांबतो."

"इचारलं," मी म्हणालो. "तू जा."

तो गेला. मी नामदेवच्या बांधावरूनच माझ्या रानाकडं निघालो. त्यानं फावडं टेकवून राम राम घातला. मी राम राम घेतला आणि पुढं गेलो.