एक्कावन्नाव्या पानावरची खूण

बोलताना मी तिला ताई म्हणायची. वयानं ती माझ्याहून तीन वर्षांनी मोठी, नोकरीत मात्र मी सिनियर. इथं लिहिताना मी तिला नुसतं 'ती' म्हणणार आहे. ताईपणाचा मान तिनं स्वतःच्या हातानं घालवला.

आम्ही दोघी शहराला लागून असलेल्या एका प्राथमिक शाळेत शिकवायचो. शनिवारी सकाळची शाळा सुटली की गुलमंडीतल्या एका छोट्या लायब्ररीत जायचो. दोघींत मिळून एकच कार्ड. तिथं इंग्रजीतून मराठीत आलेल्या, निवृत्त स्नायपरच्या कादंबऱ्यांची एक अख्खी फळी होती. नायक साधारण एकाच मापाचा. सैन्यातून घरी आलेला, गुडघा दुखणारा, डोंगरात एकटा राहणारा. त्याला कुणीतरी गोड बोलून शहरात आणतं आणि न केलेल्या खुनात अडकवतं. कट कुणाचा हे तो शोधायला लागतो, तेव्हा धागा मंत्र्यापर्यंत जातो, कधी त्याच्याही वर.

लोक हसायचे. मराठी शाळेतल्या दोन बाया, आणि वाचतात काय, तर बंदुका! हसणाऱ्यांनी सरकारी नोकरी केली नसणार. 'वरून आलंय' हे आम्ही जन्मभर ऐकत आलोय, पण वर नेमकं कोण बसलंय ते कुणी सांगत नाही. या कादंबऱ्यांत शेवटी ते कळतं. शिवाय तो गडी अर्ज करत नाही, रडत नाही, चार जणांना सांगत सुटत नाही. पालापाचोळ्यात पोटावर पडून राहतो. वारा बघतो, श्वास धरतो, आणि मग एकच गोळी. साहेबांसमोर 'व्हय सर' म्हणून परत यायचं आणि संध्याकाळी ते पान वाचायचं. काळजाला गार वाटायचं.

सगळ्या कव्हरांवर बंदूक आणि पाठमोरा माणूस. कुठली वाचली, कुठली राहिली, कळायचं नाही. म्हणून वाचून झालं की एक्कावन्नाव्या पानाच्या कोपऱ्यात बारीकशी खूण करायची. तिची निळी, माझी लाल. पुस्तकाला खाकी कव्हर घालून त्यावर 'परिसर अभ्यास, इयत्ता चौथी' असं लेबल लावायची युक्तीही तिचीच. मुलं शुद्धलेखन लिहीत बसली की मी त्यातली चार पानं उरकायची. होय, वाचायची मी वर्गात. नाकारत नाही.

मग पटसंख्या घटली आणि एका शिक्षिकेला दूर जावं लागणार असं ठरलं. मुख्याध्यापकांनी मला एकटीला बोलावून विचारलं, तुमचं मत काय? मी म्हटलं, नियमानं जी ज्युनियर ती जाईल. माझी मुलगी यंदा दहावीला आहे. त्यांच्या घरी माणसं आहेत सांभाळायला. यात खोटं काय होतं? माणसं होतीच. एक नवरा, आणि एक अंथरुणाला खिळलेली सासू.

महिन्याभरात माझ्यावर निनावी अर्ज आला. चौकशी झाली आणि प्रशासकीय कारणास्तव माझीच बदली निघाली. सोयगावच्याही पुढचं एक गाव. मी सोयगावात खोली घेतली. शहरात गारखेड्याच्या घरी नवरा आणि मुलगी, आणि मी शनिवारी संध्याकाळी येऊन रविवारी परत जाणारी पाहुणी. मुलीचा दहावीचा निकाल मला फोनवर कळला. आधी पोरगी दिवसभरातलं सगळं सांगायची, मग थोडं थोडं सांगायला लागली, मग विचारलं तरच. चार वर्षांनी परत आले तेव्हा ती शिकायला पुण्याला निघाली होती. ही चार वर्षं मला कुणीतरी भरून द्यायला हवी होती. निदान ज्यानं ती घेतली त्याचं तोंड तरी मला बघायचं होतं.

माहितीच्या अधिकारात मी त्या अर्जाची झेरॉक्स मिळवली होती. टाइप केलेला कागद, खाली सही नाही. कॅलेंडरच्या मागे मी संशयितांची यादी केली. मुख्याध्यापक, एक भांडकुदळ पालक, आणि केंद्रशाळेवरचा एक जण. तिचं नाव यादीत नव्हतं. उलट सोयगावच्या खोलीत एक दिवस मी जे पुस्तक वाचत पडले होते, ते तिनंच एसटीच्या कंडक्टरबरोबर पाठवलेलं होतं.

स्नायपरच्या शेजारी दुर्बीण घेऊन एक जोडीदार पडलेला असतो. वारा किती, अंतर किती, ते हा सांगणार आणि तो गोळी झाडणार. त्या पुस्तकात गद्दार निघाला तो हा जोडीदार. आधीच्या निम्म्या पुस्तकांतही तोच निघाला होता, आणि दर वेळी आम्ही दोघींनी कपाळावर हात मारून घेतला होता. मी पुस्तक मिटलं आणि झेरॉक्स काढली. 'पुस्तकास परिसर अभ्यासाचे कव्हर घालून वर्गात कादंबऱ्या वाचतात.' कितीदा तरी वाचलेलं वाक्य. खाकी कव्हराच्या आत काय आहे, हे जगात फक्त दोघींना ठाऊक होतं.

मी ओरडले नाही, तिला फोनही केला नाही. इतकी पुस्तकं काय उगाच वाचली होती? परत आल्यावर मला शहरात दुसरी शाळा मिळाली, पण शनिवारची गुलमंडी मी पुन्हा सुरू केली. दोन वर्षं तिच्या शेजारी बसून चहा प्यायले, डब्यातली वांग्याची भाजी तिला वाढली, निळ्या खुणेखाली लाल खूण केली. तिच्या सेवापूर्तीची तारीख मला तिच्याआधी पाठ होती. खरं सांगते, ती दोन वर्षं माझी मजेत गेली.

समारंभाला शाळेचा हॉल भरला होता. शाल झाली, नारळ झाला, भाषणं झाली. माझी पाळी आली तशी मी तिच्या हातात खाकी कव्हरातलं एक पुस्तक ठेवलं. वर लेबल, 'परिसर अभ्यास, इयत्ता चौथी'. आत नवी कोरी, विकत घेतलेली स्नायपरची कादंबरी.

"ताई, उघडून बघा की," मी माइकवरच म्हटलं.

लेबल बघून ती हसली. सवयीनं एक्कावन्नावं पान काढलं. तिथं अर्जाची झेरॉक्स घडी करून ठेवलेली होती. तिनं ती अर्धी उलगडून दोन ओळी वाचल्या. मग घडी नीट घालून तिनं पुस्तक मिटलं आणि खांद्यावरची शाल सावरली.

"लई जुनी मैत्रीण हाय माझी," ती लोकांना म्हणाली. "हिनं काय आणलंय ते मलाच कळणार."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. हॉलमध्ये एवढी माणसं, पण गोळीचा आवाज कुणाला आला नाही. मी दोन समोसे खाल्ले, वर गुलाबजाम मागून घेतला. असं पोटभर मी कित्येक दिवसांत जेवले नव्हते.

पुढचे दोन शनिवार ती लायब्ररीत आली नाही. तिसऱ्या शनिवारी लायब्ररीवाल्या काकांनी टेबलाच्या खणातून तेच खाकी पुस्तक काढलं.

"तुमच्या मॅडम ठिवून गेल्या. म्हनल्या, वाचून झालं, आता त्यांना द्या."

मी तिथंच, फळीला टेकून एक्कावन्नावं पान उघडलं. कोपऱ्यात निळी खूण. झेरॉक्सही तशीच होती, पण खाली, जिथं सही नव्हती, तिथं तिनं निळ्या पेनानं आपलं पूर्ण नाव लिहिलं होतं. आणि नावाखाली एक ओळ: 'त्यांच्या घरी माणसं आहेत सांभाळायला, हे तुझं बोलणं सरांनी मला त्याच दिवशी सांगितलं होतं.'

मला लाज वाटली. पण लाजेच्या आधी राग आला, तोही खोटं कशाला सांगू. मी दोन वर्षं नेम धरून बसले होते, आणि ही त्याच्या कितीतरी आधीपासून. वांग्याची भाजी खाताना तिला माझं ते बोलणं माहीत होतं. एसटीतून पुस्तकं पाठवतानाही माहीत होतं.

"नवा भाग आलाय," काका म्हणाले. "देऊ का?"

"आज नाय," मी म्हटलं.

घरी येऊन मी ती झेरॉक्स टेबलावर पसरली. उत्तर लिहायला म्हणून लाल पेन काढलं. शेवटी तिच्या ओळीखाली, कोपऱ्यात, मी बारीकशी लाल खूण केली आणि कागद परत एक्कावन्नाव्या पानात ठेवून दिला.