भित्रा वाटाड्या

दत्तू गेल्याचं मला माणसाने सांगितलं नाही, वाघाने सांगितलं. रात्रभर नगरच्या दवाखान्यात त्याच्या उशाशी बसून मी सकाळी भिंगारला घरी आले होते. अंघोळ उरकून त्याच्यासाठी पेजेचा डबा भरत होते, तेवढ्यात फोन वाजला. बघते तर डरकाळी फोडणारा वाघ, मागे विजा, कोपऱ्यात हेल्मेट घातलेला माझा धाकटा भाऊ आणि खाली लालभडक अक्षरं… ‘सह्याद्रीचा निडर वाघ हरपला’. पावसाळ्यात सायकली घेऊन त्याच्याकडे डोंगरात येणाऱ्या पुण्याच्या पाहुण्यांचा एक ग्रूप होता. त्यांच्यातला एकजण वॉर्डाबाहेर थांबला होता. बातमी कळल्याबरोबर त्याने आधी हे चित्र फोनवर सगळीकडे सोडलं, मग मंदाला, म्हणजे माझ्या भावजयीला, पाणी आणून दिलं. मंदाचा फोन आला तोवर त्या वाघाखाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती. शी! मी पेज मोरीत ओतली आणि खाली बसले.

महिना उलटून गेला, तरी ते लोक काही थांबायला तयार नाहीत. कुणी लिहितं, डोंगराने आपल्या लेकराला कुशीत घेतलं. कुणी लिहितं, तो मृत्यूशी खेळत जगला. कसली कूस आणि कसला खेळ! माझा भाऊ उंदराच्या मुताने गेला. नडगीला सायकलच्या पायडलची जखम होती, ती तशीच उघडी ठेवून भातखाचरातल्या गुडघाभर पाण्यातून चालला, त्यातून ताप आला. डॉक्टर त्याला लेप्टो म्हणतात. हे मी ज्या वर्तमानपत्राला धाडणार आहे, त्याच्या पुरवणीत ‘मूत’ शब्द चालतो की नाही, मला ठाऊक नाही. पण शाळेत इतकी वर्षं पोरांच्या वह्या तपासल्यात, त्यामुळे खोटं वाचलं की माझा हात लाल शाईकडे जातो. डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते त्याचे. पोटऱ्यांना हात लावू देत नव्हता. त्यात वाघ कुठे होता ते त्या चित्र काढणाऱ्याने मला येऊन दाखवावं.

आमचं माहेर अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला. चार महिने नुसता चिखल. मला चिखलाची पहिल्यापासून किळस. अंगणात खेकडे फिरतात, अंथरुणाला बुरशीचा वास, वाळत घातलेलं लुगडं आठवडाभर वाळत नाही. लग्न होऊन भिंगारच्या कोरड्या हवेत आले तेव्हा मी देवाला नारळ फोडला होता. दत्तू मात्र त्या चिखलातच रमला. पण शूर म्हणाल तर अजिबात नाही हो! ओढ्यावरच्या दगडांवरून सगळी पोरं टणाटण उड्या मारत पलीकडे जायची आणि हा आमचा वीर अलीकडे उभा. पोरं ‘भित्री भागूबाई’ म्हणून बोंबलायची. याला ना लाज, ना राग. लांबचा वळसा घालून पुलावरून यायचा आणि शाळेत उशिरा पोचल्याबद्दल छड्या खायचा. आईने एकदा विचारलं, "आरं, यवढं काय भ्यायाचं त्यात?" तर म्हणाला, "मला काय म्हाईत? पोटात डचमळतं बघ."

असल्या माणसाने पुढे निसरड्या डोंगरवाटांवरून सायकली उतरवणाऱ्यांचा वाटाड्या व्हावं, हा विनोदच. धरणापाशी एका हॉटेलात तो कामाला होता. तिथे जाड टायरच्या सायकली घेऊन आलेल्या लोकांनी वाट विचारली, हा दाखवायला गेला आणि तिथेच चिकटला. मग स्वतःची जुनी सायकल घेतली, पडत-झडत शिकला. मी म्हटलं, "घरदार सोडून लोक आपल्या खर्चाने चिखलात लोळायला येतात, आणि तू त्यांना लोळवायला जातोस? काय हे थेर!" तो नुसता हसला. पाहुण्यांना शिकवायची त्याची रीत मात्र झकास होती. "पुढचा बिरेक म्हंजी साहेब हाय, उगाउगी हात लावायचा न्हाई," असं म्हणायचा. टायरातली हवा थोडी कमी करायला लावायचा, मुळ्या आडव्या आल्या की हँडल सरळ ठेवायला सांगायचा, आणि खाचराच्या बांधावर आला की सगळ्यांना खाली उतरवायचा. बायांची आवणी, म्हणजे भाताची लावणी, चालू असताना चाकाने बांध फोडणाऱ्याला त्याच्या दारात पुन्हा जागा नव्हती.

त्याचं खरं काम मी एका पावसाळ्यात डोळ्यांनी पाहिलं. गावावरच्या पठारावरून खाली यायच्या वाटेत म्हसोबाचा कातळ लागतो. उतरता, लांबलचक, श्रावणात शेवाळाने हिरवागार. त्या दिवशी पुण्याची मंडळी आली होती. त्यांचा पुढारी निखिल. अंगात घट्ट रंगीत कपडे, डोक्यावर कॅमेरा, आणि वर घोंघावणारा तो ड्रोन. ड्रोनला बुजून आमची म्हैस दावं तोडून पळाली. ताकद यावी म्हणून चोखतात ती गोड चिकाची रिकामी पाकिटं म्हसोबाच्या दगडापाशी पडलेली. डोक्यात तिडीक गेली माझ्या! मी देवदर्शनाच्या निमित्ताने वर गेले होते, पण पाकिटं वेचत बसले. दत्तूने कातळावर टाच घासून पाहिली आणि म्हणाला, "चला, फिरा माघारी."

निखिल म्हणाला, "अरे दादा, आम्ही हिमालयात चालवलीये. कारण तर सांग."

"कारन काय न्हाई. मला भ्या वाटतंय."

"तुला वाटत असेल. आम्हाला नाही वाटत."

"मंग तुमच्या वाटचंबी मला वाटतंय. फिरा."

झालं! एवढ्यावर तो अडून बसला. कुणी टोमणे मारले, कुणी हात जोडले, त्याने सायकल आडवी घातली ती घातलीच. शेवटी सगळे चडफडत आल्या वाटेने खाली गेले. त्याच निखिलने मग इंटरनेटवर लिहिलं की जागा सुंदर, पण वाटाड्या घाबरट. दत्तूने ते मला स्वतः वाचून दाखवलं, वर म्हणाला, "आक्का, बरं झालं. आता धाडशी लोक येनारच न्हाईत माझ्याकडं." इतक्या वर्षांत त्याच्याबरोबर गेलेला एकही माणूस खाटेवर घालून खाली आणावा लागला नाही. तरी लोक म्हणायचे, दत्तू चांगला आहे पण अंमळ भित्राच.

आणि आता तोच निखिल त्याला निडर म्हणतो. तेरावा होऊन थोडे दिवस झाले नाहीत तोच त्याचा फोन आला की दत्तूदादाच्या आठवणीत राईड काढतोय, वहिनींनी झेंडा दाखवावा. मी मुद्दाम शाळेला रजा टाकून गावी गेले आणि मंदाबरोबर पठारावर चढले. बघते तर काय, सगळ्यांच्या अंगात काळे टी-शर्ट, छातीवर दत्तूचं तोंड, खाली ‘भीती? ती काय असते?’ चिखल उडून त्याच्या गालफडावर बसत होता, पोटं सुटलेल्यांच्या अंगावर त्याचा चेहरा ताणला जात होता. कोणी म्हणालं, दादाचा स्पिरिट फील होतोय. पाऊस धो धो, आणि राईड कुठून उतरणार? म्हसोबाच्या कातळावरून. का, तर दादाची ती अपुरी इच्छा होती म्हणे! कुणाला सांगितली होती त्याने? म्हसोबाला?

मी तोंड उघडणार होते. पण मंदाच पुढे झाली. तिच्या हातात झेंडा दिलेला. तिने तो घडी करून काखेत मारला, कातळाच्या तोंडाशी वाटेच्या मधोमध बसली आणि डोक्यावरची घोंगडीची खोळ पुढे ओढली. निखिल वाकून समजावू लागला, "वहिनी, हे दादासाठीच आहे." मंदा म्हणाली, "व्हय ना. मंग न्या की सायकली माज्या अंगावरनं." मागे उभी असलेली एक पोरगी सायकलवरून उतरली आणि ती पहिली वळली. मग एकेक करून सगळे. जाता जाता निखिल काय म्हणाला असेल? "वहिनी, झेंडा धरून निदान एक फोटो…" मी त्याला जे ऐकवलं ते मात्र खरंच पुरवणीत छापता येणार नाही.

घरी आलो, ओले कपडे बदलले. मी चुलीपाशी बसून तणतणत होते. वाघ काय, निडर काय, मेल्यावर माणसाला स्वतःचा स्वभावसुद्धा ठेवू देत नाहीत! मंदा भाकरी थापायची थांबली.

"आक्का, एक सांगू? तुमाला किळस यील."

"सांग."

"ह्ये पावसाळ्यात रोज सकाळी वकायचे. पावनं घिऊन निघायच्या आदी, मागच्या दारी, कुडाला धरून. भ्यानं. चूळ भरायचे आन् हसत भाईर जायाचे. पावन्यांना कदी कळलं न्हाई. मी राख टाकायची वरनं."

तिने पिठाचे हात तसेच मांडीवर ठेवले.

"ताप आला त्या दिवशीबी वकले. दुसऱ्या दिवशीबी. मला वाटलं, रोजचंच हाय… मी राख टाकली आन् डबा भरून दिला. तवाच दवाखान्यात न्यायला पायजे हुतं, आक्का. नवऱ्याचं भ्या कंचं आन् दुकनं कंचं, मला वळकू नाय आलं."

डॉक्टरही म्हणाले होते की दोन दिवस आधी आला असता तर… ते मी मंदाला कधीच सांगितलं नव्हतं. ती आपली आपणच तिथवर पोचली होती. मी म्हटलं, "अगं, तूच काय, कुणालाच नसतं कळलं." ती पुन्हा भाकरी थापू लागली. माझं म्हणणं तिला पटलेलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही पटलेलं नव्हतं.

सकाळी मला जाग आली ती घमेल्याच्या आवाजाने. मंदाने चुलीतली राख भरली आणि मागच्या दाराने बाहेर गेली. मी उठून मागोमाग गेले. उलटीचं नुसतं नाव काढलं तरी मला कसंसं होतं, वर्गात पोराला झाली तर मी शिपायाला हाक मारते. कुडापाशी ती घमेलं घेऊन उभी होती. जमीन पावसाने स्वच्छ धुतलेली, काही नव्हतं तिथे. तिने माझ्याकडे पाहिलं.

"सवय लागलीय," ती म्हणाली.

मी तिच्या हातातलं घमेलं घेतलं आणि त्या धुतलेल्या जागेवर राख टाकली.