दोन भावांची तपासणी

पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला, एका हिवाळ्यात, आमच्या शेजारच्या दोन भावांपैकी धाकटा इस्रायलला गेला आणि थोरला राहिला. शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवणाऱ्या बेने इस्रायलांचं, कोकणातल्या ज्यूंचं, ते घर. रेवसहून लाँचने दोघे मुंबईला, तिकडे जाण्याआधीच्या तपासणीला गेले होते. डॉक्टरांना थोरल्याच्या छातीच्या फोटोत क्षयाचा डाग दिसला.

दोघे तिकडे पोचले की मलिदा करीन, असा आईचा नवस होता: गूळ-खोबऱ्याचे पोहे, फळं आणि प्रार्थना. एकासाठी तिने तो केला नाही.

"नवस काय अर्धा फेडायचा?" ती म्हणाली.

थोरल्याने इंजेक्शनं घेतली आणि घाणा चालवत राहिला. साठ सालानंतर धाकटा भेटीला आला. अंगाने सुटला होता.

"पहिली वर्षं तिथली नर्स आम्हाला बघून चकित व्हायची. तिथं जन्मलेले आजारी, आम्ही ठणठणीत."

"निवडून नेलेले नारळ तुम्ही," थोरला म्हणाला. "किडका इथंच ठेवला."

"आता उलटं झालंय, दादा. दिवसभर बसून काम, वर पाव. साखर आमच्यातच जास्त निघते, असं तीच म्हणते."

थोरला पुन्हा तपासणीला निघाला. आई हट्टाने बरोबर आली, धाकटाही आला. मी तेव्हा मुंबईत वर्तमानपत्रात होतो. भाऊच्या धक्क्यावरून त्यांना दवाखान्यात नेलं. दवाखाना तिसऱ्या मजल्यावर. थोरला आईला पाठीवर घेऊन चढला. धाकटा प्रत्येक वळणावर थांबला.

धापा टाकणाऱ्यालाच डॉक्टरांनी आधी बसवलं. नाडी पाहिली, रक्तदाब घेतला.

"या तब्येतीवर तुम्हाला तिकडे जाता येणार नाही."

"मी तिथूनच आलोय, डॉक्टर."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी थोरल्याच्या छातीचा फोटो काढवला, जुना मागवला आणि दोन्ही खिडकीच्या उजेडात शेजारी धरले. जुन्यात डाग होता. नव्यात फक्त बरगड्या आणि त्यांच्यामागे स्वच्छ काळोख. एकाच माणसाची छाती. डॉक्टरांचा हात बराच वेळ खाली आला नाही.

"पाठवाल ना याला?" आईने विचारलं.

"याला पाठवतो," डॉक्टर म्हणाले. "धाकट्याच्या वाटचा जिना कोणीतरी चढायला हवा."

पुढच्या हिवाळ्यात थोरला आईला घेऊन गेला. मलिदा तिथं झाला. धाकट्याने एक फळ घेतलं आणि त्याच्या वाटचे पोहे थोरल्याने खाल्ले, असं तिकडून आलेल्या पत्रावरून इथं राहिलेल्या त्यांच्या चुलतभावाने मला सांगितलं.