पहिल्या धुण्याचं पाणी

माझी ताई हॉटेलच्या लाँड्रीत कामाला. आठवडाभर परक्यांच्या चादरी धुते आणि सुट्टीच्या रविवारी देवाचे रुमाल. हौस, दुसरं काय! मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या रविवारच्या प्रार्थनेत, द्राक्षरसाचा प्याला पुसतात ना, ते छोटे पांढरे रुमाल. प्याल्यातला पवित्र रस त्यांत उतरलेला, म्हणून त्यांचं पहिलं पाणी गटारात जाऊ द्यायचं नाही, मातीतच जिरवायचं, असा आमच्यातला नियम. साबण लागतो तो त्यानंतर.

पण माती आणायची कुठून? आम्ही सगळे बाहेरून आलेले. आमचं चर्च म्हणजे एका जुन्या गोदामाचा भाड्यानं घेतलेला वरचा मजला. आणि हे शहर एवढं पुरातन, की जिकडे बघावं तिकडे दगडी फरसबंदी. उघडी माती एकाच जागी, चौकातल्या म्हाताऱ्या झाडाच्या बुंध्याशी. ताई तिथं ओतायची.

यंदा ते झाड वाळायला लागलं. समोरच्या कुलूपवाल्यानं आवई उठवली, की वरचे ते चर्चवाले झाडाला काहीतरी घालतात. झालं! आमच्या दारावर 'चालते व्हा' रंगवलं गेलं, खिडकीवर दगड आला. गोदामाच्या मालकानं फादरना बजावलं, आणखी एक तक्रार आली तर जागा खाली करा. तेव्हापासून मिस्सा चालू असताना अर्ध्या माना दाराकडे. जिन्यात पाऊल वाजलं की प्रार्थना अडखळायची.

"ओत ना बेसिनमध्ये, कोण बघतंय?" मी ताईला म्हणाले.

"मी बघतेय ना."

अशी बाई! फादरनी परोपरीनं सांगितलं, काही दिवस थांब. तिनं मान डोलावली आणि त्याच रविवारी पातेलं घेऊन जिना उतरली. मी तिच्या नावानं खडे फोडत मागोमाग.

झाडाभोवती माणसं उभीच होती. कुलूपवाला पुढे आला.

"बाई, काय आहे त्यात?"

"पाणी."

"विष घालता आमच्या झाडाला!"

इथं आरडाओरडा झाला तर आमची जागा गेलीच म्हणून समजा. ताईनं पातेलं तोंडाला लावलं आणि घटाघटा अर्धं संपवलं.

"हिला विषाची सवय असेल," मागून कोणीतरी म्हणालं.

माझं डोकंच फिरलं. मला ना त्या नियमाची पर्वा, ना रविवारची. मी चर्चला येते ती ताईच्या धाकानं. पण पातेलं तिच्या हातातून ओढून घेतलं आणि उरलेलं सगळं पिऊन टाकलं. "आता बोला!"

जागचं कोणी हललं नाही.

मी तिला दंडाला धरून वर आणलं. ती आपली येरझाऱ्या घालतेय.

"झाडाला आज काहीच मिळालं नाही गं."

"मरू दे ते झाड!"

तिनं नळाखाली बादली भरली आणि पुन्हा खाली. माणसं तिथंच.

"साधं पाणी आहे. सरका जरा."

बाकीचे सरकले. कुलूपवाला बुंध्याला पाठ लावून, पाय रोवून उभा. ताई वाकली आणि त्याच्या बुटांवर शिंतोडासुद्धा उडू न देता तिनं हळूहळू दोन्ही बाजूंनी बादली रिकामी केली. मी असते तर बुटांतच ओतली असती.