माशाची खूण

गेल्या महिन्यात माजिवड्याहून एक तरुण एक जुना अ‍ॅम्प्लिफायर घेऊन माझ्याकडे आला. असली जुनी यंत्रं जमवायचा त्याला नाद आहे. आवाजात भुंगा येतो, कंडेन्सर बदलून द्याल का, असं विचारत होता. वयामुळे हात थरथरतात, तरी मी हो म्हणालो. खालचं झाकण काढलं आणि पत्र्याच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने काढलेला एक छोटा मासा दिसला. एक वळसा, शेपटीची फुली आणि डोळ्याचा ठिपका.

"आजोबा, हे काय आहे?" त्याने विचारलं.

या प्रश्नाचं अर्धं उत्तर मी आयुष्यभर लोकांना देत आलो. उरलेलं अर्धं इथे लिहितो.

पन्नास सालानंतरची ती तीन-चार वर्षं. ठाण्यात स्टेशनजवळ एका दुकानात आम्ही दोघे मेकॅनिक होतो. सभांचे कर्णे, लग्नातले लाउडस्पीकर, सिनेमा थिएटरांची यंत्रं, सगळं आमच्याकडे दुरुस्तीला यायचं. दुसरा मेकॅनिक माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा. ठाण्याच्या कोळीवाड्यातला, लढाईच्या काळात लष्करात वायरलेसचं काम शिकून आलेला. मी त्याला दादा म्हणायचो. तो मला भटजी म्हणायचा, कारण मी डोंबिवलीहून पोळी-भाजीचा डबा आणायचो आणि त्याच्या डब्यातले बोंबील बघून खुर्ची खिडकीकडे सरकवायचो.

"वास घे रं भटजी, वासानं काय बाटत नाय," तो म्हणायचा.

त्या वेळची बहुतेक यंत्रं लढाईच्या आधीची होती. व्हॉल्व्ह टिकायचे, पण कंडेन्सर आतून सुकून जायचे. मग गाण्याच्या मागे सतत घूं ऐकू यायचं. दादा यंत्र उलटं करून आधी नुसता वास घ्यायचा. वितळलेल्या मेणाचा वास आला की कुठला कंडेन्सर गेला ते बोटाने दाखवायचा. तापलेलं सोल्डरिंग आयर्न, राळेचा धूर आणि दुपारी चाचणीसाठी लावलेली एकच झिजलेली तबकडी. ते दुकान अजून माझ्या नाकात आणि कानात आहे.

दुकानाचा एक नियम होता. ज्याने काम केलं त्याने पत्र्याच्या आत आपली खूण करायची. खुणेशिवाय यंत्र दुकानाबाहेर जात नसे, आणि एकाने दुसऱ्याची खूण काढायची नाही. दादाची खूण मासा, माझी त्रिकोण.

एका सोमवारी कल्याणच्या एका थिएटरचा मोठा अ‍ॅम्प्लिफायर आला. मंगळवारी तीनच्या खेळाला तो परत हवा होता. आम्ही काम वाटून घेतलं. आवाजाचा भाग दादाकडे, वीजपुरवठ्याचा माझ्याकडे. त्या दिवशी संध्याकाळी मला मुलगी बघायला जायचं होतं. आईने दोनदा बजावलं होतं, पाचच्या आत घरी ये.

शेवटचा कंडेन्सर राहिला होता, बायसचा. मोठ्या व्हॉल्व्हना लगाम घालण्याचं काम त्याचं. एरवी असल्या कंडेन्सरची काळी वायर पत्र्याला जोडतात. इथे जुन्याची लाल वायर पत्र्याला होती. आधीच्या मेकॅनिकने चूक केली असणार, असं मी ठरवलं आणि नवा लावताना ती 'सुधारली'. खरं म्हणजे बायसच्या कंडेन्सरची लाल बाजूच पत्र्याला असते. दादा शेजारीच बसला होता. विचारायला एक क्षण लागला असता. पण चार वाजून गेले होते.

"दादा, खूण तूच कर," म्हणून मी निघालो.

"अरे, तुजा त्रिकोण मी कसा काढू?"

"मग तुझा मासा काढ."

"जा. पोहे जपून खा, मुलगी पळंल," तो हसत म्हणाला.

डोंबिवलीत मुलीच्या वडिलांनी एकच गोष्ट दोनदा विचारली, नोकरी कायमची आहे ना? माझे वडील म्हणाले, अगदी कायमची. मुलीने एकदाच वर पाहिलं. तेवढ्यात मी होकार ठरवून टाकला. त्यांचा निरोप तीन दिवसांनी यायचा होता.

उलटा लावलेला कंडेन्सर लगेच मरत नाही. काही वेळ निमूट चालतो आणि आतून तापत जातो. दादाने अर्धा तास तबकडी वाजवून पाहिली, सगळं ठीक होतं. मंगळवारी मध्यंतरानंतर थिएटरात आवाज बंद पडला आणि धूर निघाला. मोठे व्हॉल्व्ह गेले, ट्रान्सफॉर्मर जळला. तो परदेशी होता, इथे मिळणारा नव्हता.

बुधवारी दुकानाच्या मालकांनी यंत्र टेबलावर उलटं केलं. फुटलेला कंडेन्सर आणि त्याच्याशेजारी मासा.

"हे तुझं काम?" त्यांनी दादाला विचारलं.

दादाने वाकून वायर पाहिली. लाल कुठे, काळी कुठे. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, वाट पाहिल्यासारखं. मी सोल्डरची तार गुंडाळत होतो. गुंडाळतच राहिलो.

"मासा माजा हाय," दादा म्हणाला. "म्हणजे माजंच."

त्याने आपलं सोल्डरिंग आयर्न वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि तो गेला. पुढे भावाच्या होडीवर जायला लागला. गुरुवारी मुलीकडून होकार आला. त्याचं टेबल मला मिळालं.

इथवरचं चुकीत धरता येईल. पण पुढे मी पोरं शिकवायला लागलो आणि बायसचा कंडेन्सर समजावताना दर वर्षी एक गोष्ट सांगू लागलो. एक कोळी दादा होता, त्याने उलटा कंडेन्सर लावून अख्खं थिएटर बंद पाडलं. पोरं हसायची. मीही हसायचो. ती पोरं कल्याणला, शहाडला, कुठे कुठे दुकानं काढून बसली आणि तीच गोष्ट पुढे सांगत राहिली.

दादाला मी एकदाच भेटलो, नारळी पौर्णिमेला, खाडीवर. कोळीवाड्याचा कर्णा तोच सांभाळायचा. गाणं दूरवर ऐकू येत होतं आणि मागे भुंग्याचा मागमूस नव्हता. मला पाहून तो खांबावरून खाली उतरला.

"काय रं भटजी, बायसची लाल कुठं लावतोस आता?"

"पत्र्याला," मी म्हणालो.

"मग बरं." आणि तो परत वर चढला.

मला आणखी एक वाक्य बोलायचं होतं. ते बोललो नाही. बायकोला सांगितलं, तेही ती अंथरुणाला खिळल्यावर. ती म्हणाली, "मला कशाला सांगताय? त्यांना सांगायचं होतं." तोवर दादा जाऊन बरीच वर्षं झाली होती.

माजिवड्याच्या त्या तरुणाला मी सगळं सांगितलं. त्या यंत्रातले दादाचे कंडेन्सर वयाने सुकले होते, पण एकही वायर चुकीच्या जागी नव्हती. मी ते बदलले. बायसचा बदलताना लाल बाजू पत्र्याला आहे हे तीनदा पाहिलं. मासा पुसायला पोराने खोडरबर पुढे केला, तो मी घेतला नाही. माशाच्या खाली माझा त्रिकोण काढला. तो नीट मिटला नाही.

मी शिकवलेल्यांपैकी कोणी हे वाचत असेल, तर त्याने ती गोष्ट यापुढे अशी सांगावी: तो कंडेन्सर मी लावला होता.